कान वाढतात

मी कानांचे साचे बनवतो, गिरगावात, दुसऱ्या मजल्यावर.
गुलाबी लगदा मळून कानात सोडायचा
आणि पाच मिनिटं थांबायचं.
म्हातारी माणसं तेवढ्यात डुलकी काढतात.
मुलं माझ्या ओठांकडे बघत राहतात,
न जाणो, काही निसटायचं.

मुलांचे कान वाढतात.
देणाऱ्यांना हे पटत नाही.
"मागच्या वर्षी दिलं होतं ना यंत्र?"
दिलं होतं. यंत्र तेवढंच आहे, कान मोठा झाला,
साचा सैल झाला,
आणि सैल साच्यातून यंत्र शिट्टी मारतं.
ती बाईंना ऐकू येते, बसमधल्या लोकांना ऐकू येते,
वळून वळून बघतात सगळे,
ज्याच्या कानात वाजते त्याला सोडून.

रेळेबाई म्हणाल्या, तुम्ही पळा, मी पैसे मागते.
त्रेपन्नाव्या वर्षी.
शाळेला हवे होते साचे, बॅटऱ्या, आणि सावियोचा पगार.
सावियो स्वतः ऐकत नाही, वर्गाला खुणांची भाषा शिकवतो.
माझं नाव त्यानेच ठेवलंय:
कानाची पाळी चिमटीत धरायची, किंचित ओढायची.
झालो मी.

मुफद्दलभाई चष्मेवाल्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस किलोमीटर घेतले,
वरच्या एकशे पंच्याण्णव मीटरांचे
दोन रुपये सुट्टे हातावर ठेवले.
तळमजल्यावरचे कारखानीस म्हणाले,
"किलोमीटरला अकरा. पण चाललात तर निम्मे."

अंधारात निघालो.
सी लिंकवर वारा समोरून, फुकटचा, भरपूर.
माहीमला कुणीतरी चिक्की दिली,
शिवाजी पार्कला मीठ लावलेली संत्र्याची फोड.
वरळीपर्यंत मी देणग्या मोजत होतो,
मग पावलं,
हाजीअलीनंतर नुसतं डावं, डावं, डावं.
उजव्यात मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पेडर रोडचा चढ.
ढोल, थाळ्या, कुणाचं तरी "कम ऑन अंकल".
मी चालायला लागलो.

कठड्यापलीकडे आपली पोरं, शाळेच्या निळ्या स्वेटरांत.
सगळ्यांचे हात वर, बोटं थरथरवत.
रुमाना तेवढी उभी नव्हती.
उकिडवी बसून, कठड्याखालून हात घालून
तिने तळवा रस्त्यावर टेकला होता,
ताप बघावा तसा.
मी हातानेच विचारलं, काय?
येतंय, ती म्हणाली. सगळ्यांचे पाय येताहेत.
मग माझ्याकडे बोट:
तुमचे नाही.

मग कानाची पाळी ओढली, माझं नाव, लाल होईपर्यंत,
आणि एका तळव्याने दुसरा मधोमध कापला.
निम्मे.
म्हणजे रेळेबाईंनी कारखानिसांचं पोरांना सांगितलं होतं.

पळालो असं म्हणवत नाही.
पाय आपटत गेलो, मुद्दाम,
डांबराला कळेल असे.
बाजूचा धावणारा दचकून लांब सरकला.
मागे वळून बघितलं नाही.
पोचलं असेल.

सोमवारी जिना उलटा उतरलो, कठड्याला धरून.
कारखानिसांनी चढाचा एक किलोमीटर निम्म्याने लावला
आणि बाकीचे मोजून दिले.
मी भांडलो नाही. चाललो होतो.

दुपारी रुमाना खुर्चीत. लगदा मळला, कानात सोडला.
पाच मिनिटं.
या खेपेला ती माझ्या ओठांकडे नाही,
गुडघ्याकडे बघत होती.
तेवढ्यात मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला:
सावियोचे चार महिने,
बॅटऱ्या दिवाळीपर्यंत,
एकोणीस कान.

एकोणीस.
म्हणजे नऊ मुलं
आणि कुणाचा तरी एक.